शेजारच्या फोनचे आठ खटके

कॉर्डलेस फोन बसवायला माणूस कशाला पाठवताय, असं उमाने दुकानदाराला तोंडावर विचारलं. "मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलंय. तुम्ही फक्त पावती करा."

नवऱ्याला, म्हणजे अनंतला, तिने कारण सांगितलं ते निमिषचं. तीन वर्षांचं पोर. आपण घरात फोनवर आणि ते अंगणातल्या हौदात वाकलेलं, हे चित्र तिला दिवसातून चारदा दिसायचं. खरं कारण भिंतीपलीकडे राहत होतं. अश्लेषा गच्चीवर एका हाताने परकर वाळत घालायची आणि दुसऱ्या हाताने मस्कतच्या भावाशी बोलायची. सगळी कॉलनी मान वर करून बघायची. उमाचा फोन मात्र स्वयंपाकघर ओलांडलं की फोडणीसारखा तडतडायचा.

फोन ठेवायच्या ठोकळ्याखाली आठ बारीक खटके होते, हातातल्या फोनमध्येही आठ. दोन्हीकडचे सारखे लावले की कुलपाला किल्ली बसावी तसे ते जुळायचे. उमाने केसातली पिन घेऊन चार दुपारी खटपट केली. खरखर हटेना.

"अश्लेषाचेच खटके भाग्याचे," तिने ठरवलं.

शुक्रवारी अश्लेषाकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. "किती गं धूळ बसते यावर," म्हणत उमाने पदराने तिचा ठोकळा पुसला. उचलून खालूनही पुसला. वर, वर, खाली, वर... आंब्याची डाळ तशीच टाकून ती पाठांतर करत घरी आली. पिनने तसेच खटके लावले आणि काय सांगावं, गच्चीच्या टोकालाही फोन खणखणीत!

पुढच्या गुरुवारी ती गच्चीवर असताना तो वाजला. बालमंदिराच्या बाई होत्या. तिथे यंदा एकच जागा उरली होती. निमिषचं नाव दिलेलं होतं, आणि अश्लेषाच्या मयूरीचंही.

"शेवटची जागा तुमच्या बाळाला," बाई म्हणाल्या. "उद्या अकराच्या आत जन्माचा दाखला आणा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला."

"येते, येते बाई," उमा म्हणाली. कोणाचं बाळ, हे विचारायचं तिला सुचलंही नाही.

पहिला पेढा अश्लेषाला. "तुम्हाला नाही का गं आला फोन?" उमाने इतक्या मायेने विचारलं की पेढा अश्लेषाच्या घशातच अडकला. उमाला कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

सकाळी बाईंनी तिचा दाखला पाहिला आणि परत दिला. "हा निमिष. मी तर मयूरीच्या घरी फोन केला होता."

बाईंच्या यादीत मयूरीपुढे नंबर अश्लेषाचाच होता. उमाच्या डोक्यात आठही खटके एकदम पडले. तिने किल्ली शेजारच्या कुलपाची बनवली होती.

"त्या आल्या नाहीत तर पुढचं नाव कोणाचं?"

"तुमच्या निमिषचं."

साडेदहा वाजले होते. फक्त अर्धा तास गप्प बसायचं. उमा बाकावर बसलीसुद्धा. पण समोरच्या भिंतीवर तिला सारखी पेढा अडकलेली अश्लेषा दिसायला लागली. पावणेअकराला तिने शाळेच्या फोनवरून तिचा नंबर फिरवला.

"कोन हाय?" आवाज बनुबाईंचा, उमाकडे भांडी घासणाऱ्या.

"बनुबाई? तुम्ही अश्लेषाकडे कशा?"

"म्या कशाला जाऊ? आपल्याच घरात हाय. वैनी न्हाईत, साळंत गेल्यात."

"अहो, मीच वैनी. फोन घ्या आणि पळत शेजारी..."

"तर, तर. वैनींनी बजावलंय, अनोळखी मानसाचं कायबी ऐकायचं न्हाई." फोन बंद.

उमाने पुन्हा फिरवला. "बनुबाई, काल लोणच्याची बरणी तुम्ही फोडलीत आणि साहेबांना मी सांगितलं, माझ्या हातून फुटली."

बनुबाईंचा आवाज एकदम खाली आला. "बोला वैनी."

अकराला तीन मिनिटं कमी असताना अश्लेषा रिक्षातून उतरली. केस ओले, दाखला छातीशी. जागा मयूरीची झाली. मग तिने विचारलं, "माझा फोन तुला आला कसा?"

उमाने सांगितलं. पदर, धूळ, खटके, सगळं.

"म्हणजे माझ्या फोनात रोज ऐकू यायची, तू तुझ्या फलटणच्या आईला सांगत होतीस, ती शिष्ट, दिखाऊ अश्लेषा मीच का? मला वाटलं, लाइन क्रॉस झालीय. म्हटलं, कोण बिचारी असेल ती."

बाईंनी निमिषचं नाव प्रतीक्षा यादीत सगळ्यात वर लिहिलं. "एखादी जागा झाली तर कळवते हं. फोन कुठल्या नंबरवर करू?"

"फोन नको बाई," उमा म्हणाली. "पोस्टकार्ड टाका."