तिसरी डहाळी

सोमाकाकांना घेऊन घाटमाथ्यावर न थांबता पुढे जाईल, असा जीपवाला मोखाडा तालुक्यात अजून जन्मला नाही. माथा आला की काका मागून ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारतात, "पहिला पाला, मग चाला!" मग कडेच्या झाडाची डहाळी तोडायची, वाघदेवापुढे ठेवायची आणि मगच गाडी त्र्यंबकच्या वाटेला लागायची. वाघदेव म्हणजे शेंदूर फासलेली एक लाकडी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. पाला ठेवून घाट ओलांडला की माणूस परत येतो, असा तिथला रिवाज.

काका आमच्या कार्यालयातले शिपाई. मी कारकून, म्हणून 'भाऊसाहेब'. नोकरी मोखाड्याला, घर नाशिकला. दर शुक्रवारी आम्ही एकाच जीपने निघायचो. काकांचा पाडा माथ्यावरच, त्यामुळे ते तिथेच उतरायचे. मी मात्र खाली उतरत नसे. मी विज्ञानाचा पदवीधर, थर्ड क्लास का होईना. शिवाय दरीकडे पाहिलं की मला भोवळ येते, पण हे कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एकदा जीपमधलं नाशिकचं एक कुटुंब फोटो काढायला दरीकडे धावलं. काकांनी सगळ्यांना मागे वळवलं. "दरी कुठं पळून जात नाय. आधी देवाला सांगा, आमी आलो." त्यांनी निमूट पाला ठेवला. मग काकांनी त्यांना हिरड्याचं झाड दाखवलं, खालचे नाचणीच्या शेतांचे तुकडे दाखवले, पूर्वी वाघ ज्या वाटेने उतरायचा ती वाट दाखवली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण मी जीपमध्ये बसून बदलीचे नियम वाचत होतो.

सहा वर्षांत मी सात अर्ज केले. एका अर्जात सासूबाईंना संधिवात जडवला. त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. सातही अर्ज नामंजूर झाले. तोवर लेक शाळेत जाऊ लागली आणि एके दिवशी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्याकडे पाहुणे आहात का?" मी हा विनोद म्हणून काकांना सांगितला. काका हसले नाहीत.

महिन्याभराने आठव्या अर्जावर बदली झाली. या वेळी अर्जाची भाषाच तशी होती, असं मी कार्यालयभर ऐकवत फिरलो.

शेवटच्या शुक्रवारी माथ्यावर काका उतरले आणि माझ्या खिडकीशी आले.

"भाऊसाहेब, रागवू नका. दर शुक्करवारी मी तीन डहाळ्या ठेवायचो. एक माझी, एक गणपतची. तिसरी तुमची."

गणपत त्यांचा मुलगा. तो ठाण्याला कामावर गेला, तेव्हा मुकादमाची गाडी माथ्यावर थांबली नव्हती. दोन होळ्या झाल्या, तो आलेला नाही.

"माझी? म्हणजे माझे सात अर्ज..."

"तुमी परत यावं म्हणून ठेवायचो. हापिसात माझ्याशी बोलणारं दुसरं कोण हाय? पण तुमची पोर तसं बोलली, तवापास्नं ठेवत नाय. वाट बघणं कसं असतं, मला ठावं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी त्यांच्याशी बोललो होतो ते फक्त बदलीबद्दल.

मी जीपमधून उतरलो. दरीकडे पाठ करून कडेच्या झुडपाकडे सरकलो. हाताला आली ती करवंदीची डहाळी, तिचा काटा बोटात घुसला. तशीच ती वाघदेवापुढे ठेवली, तर वाऱ्याने उडून काकांच्या पायाशी पडली.

"राहू द्या, भाऊसाहेब."

"काय राहू द्या? मला परत यायचंय!" मी ओरडलोच.

काकांनी डहाळी उचलली, वाघदेवापुढे नीट ठेवली आणि तिच्यावर चांगला जड दगड ठेवला.