शंभर एमबीपीएस, अर्धा हंडा

ऐका रे, ताईच्या साखरपुड्याला पाण्याची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली होती! कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या घरासमोर छाती पुढं काढून म्हणालो, "टँकर रद्द! पाणी मी आणतो. वायफायवर!"

आई म्हणाली, "चिन्या, वायफायमधून पाणी येत नसतं."

"सोळा साली आलं होतं की नाही?"

आई परत पेले मोजायला लागली. कारण आलं होतं!

आम्ही शहरात औरंगपुऱ्यात भाड्यानं राहायचो तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा, आणि इंटरनेट बघायचं तर खालच्या कॅफेत जायचं, तासाला वीस रुपये. एक फोटो उघडायला एवढा वेळ लागायचा की आधी कपाळ यायचं, मग भुवया, आणि नाक दिसेपर्यंत कॅफेवाला ओरडायचा, "टाइम हो गया!" पुढं बाबांनी शहराच्या टोकाला, सातारा परिसरात घर बांधलं. तिकडं रस्ता नव्हता, ड्रेनेज नव्हतं, नळ तर आजही नाही. पण केबलवाला आला! वास्तुशांतीच्या आधी आला! महिन्याला नऊशे रुपये, दोन एमबीपीएस, आणि डेटा संपला की पुढं गोगलगाय. तरी अख्ख्या गल्लीत नेट फक्त आमच्याकडं. मी नुसता राजा!

आणि बोअर फक्त शेजारच्या कमरोद्दीनचाचांकडं.

सोळाच्या दुष्काळात टँकर परवडेना. मग मी डोकं लावलं. कागदावर पासवर्ड लिहिला, चाचांना नेऊन दिला, आणि त्यांच्या भिंतीवरून पाइप आमच्या टाकीत टाकला. दोन एमबीपीएसमध्ये अख्खा उन्हाळा काढला! कॉलेजात मी हे प्रेझेंटेशनमध्ये सांगितलंय.

तर एकोणीसच्या एप्रिलमध्ये माझा हिशेब सोपा होता. आता माझ्याकडं फायबर, शंभर एमबीपीएस, आणि तेही सातशे रुपयांत! दोनवर टाकी भरत होती, तर शंभरवर किती? पन्नास टाक्या! चाचांनी विहीर विकत घेतली तरी त्यांच्याकडचं माझं येणं फिटणार नाही!

टँकरवाल्याला फोन लावला.

"भाऊ, उद्याची खेप नको."

"विचार करा दादा. लग्नाची तिथी दाट आहे. परत मागाल तर मिळायची नाही."

"नाही मागणार!"

आता आमच्या गल्लीत टँकर यायचा म्हणजे आधी सगळ्यांना गाड्या काढाव्या लागतात. म्हणून सकाळी मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, 'गाड्या राहू द्या. आमचा टँकर येणार नाही. चाचांच्या बोअरचं पाणी घेतोय, वायफायच्या बदल्यात. जुना करार आहे.' खाली नमस्काराचे हात. नंतर पेढ्यांचा पुडा आणि पासवर्डची चिठ्ठी बाजूला ठेवून शर्टाला इस्त्री करत बसलो. हो, इस्त्री! करार करायला जायचं होतं ना!

तेवढ्या वेळात काय झालं? बातमी शंभर एमबीपीएसनं पळाली! मी फाटकाबाहेर पडतो तर चाचांच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत हंडे, बादल्या, ड्रम. आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी!

सगळ्यांत पुढं रिटायर्ड एसटी ड्रायव्हर कडुबाकाका.

"चाचा, माझा पासवर्ड घ्या! माझं दीडशेचं हाय. चिन्मयचं शंभरचंच!"

मागून एक बाई, "आमच्यात पिक्चर फुकट दिसतात! दोन हंडे द्या!"

"ओ बाई, रांगेत या! पिक्चर काय पाण्यात घालून पिणार?"

चाचा लुंगीवर फाटकात उभे, मुठीत चिठ्ठ्यांचा गोळा. मला बघून म्हणाले, "आओ बेटा! ये क्या तमाशा लगाया तू? पूरी गल्ली का इंटरनेट मेरे हात में है, और बोअर सुबह से हवा मार रहा!"

"चाचा, पण आपला जुना करार..."

"अरे, अब मेरे मोबाइल में रोज का डेढ जीबी पडता. रात को बच जाता तो सोचता, किसको दूँ? तेरा लेके क्या अचार डालूँ?"

तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं. तीन वर्षांत माझं नेट पन्नास पट फुगलं आणि त्याची किंमत मातीला गेली. चाचांचं पाणी दोनशे फुटांवरून साडेतीनशेवर गेलं, आणि तेच महाग झालं. मी शेअर बाजार बघत असतो रे दिवसभर. माझ्या भिंतीपलीकडं काय चढलं, काय उतरलं, ते मला दिसलंच नाही.

"पण चाचा, सोळा साली तुम्ही वापरलं ना माझं वायफाय?"

चाचा एकदम खाली बघायला लागले. दारातून ताहेराचाची म्हणाल्या, "बोलो ना अब."

"क्या बोलूँ? बच्चा है."

मग चाचीच बोलल्या. त्या मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. "चिन्मय, तुझ्या वायफायची एक काडी आमच्या घरात आली नाही कधी. हे गच्चीवर जाऊन, टाकीवर चढून, मोबाइल वर धरून उभे राहायचे. नाही म्हणजे नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईला मी दोनदा म्हटलं होतं, उमाताई, पाइप टाका. फुकट नको म्हणाली. मग तू ती चिठ्ठी घेऊन आलास आणि तिसऱ्या दिवशी तिनं पाइप टाकू दिला. आता सांगून पाणी बंद करायचं होतं का?"

कडुबाकाकांनी हातातली चिठ्ठी हळूच खिशात घातली.

चाची म्हणाल्या, "मोटर लावते. येईल तेवढं येईल. घराला एक हंडा. चिठ्ठ्या सगळ्यांनी परत न्या."

"चाची, चाळीस पाहुणे आहेत. पिशोरहून निघालेत..."

"ठाऊक आहे. मीही येणार आहे. पण ही माणसं तूच बोलावलीस ना? मग रांगेत उभा राहा."

आता घरी हंडा आणायला पळालो, तर परत येईपर्यंत मी सगळ्यांत शेवटी. माझी पाळी आली तेव्हा अर्धा हंडा भरला, मग नळी खोकली, लाल पाणी आलं, आणि बंद. टँकरवाल्याला फोन केला, तो नुसता हसला. जारवाल्यानं उचललाच नाही.

अर्धा हंडा घेऊन मी घरात गेलो. आईनं मोठे पेले आत ठेवले आणि चहाचे छोटे कप काढले. ताई नवी साडी नेसून दारात उभी होती. तिचे डोळे भरलेले. "चिन्या, ते घरात आल्या आल्या पाणी मागणार रे. उन्हातून येतायत. पहिल्याच दिवशी आपण नाही म्हणायचं?"

मी मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दोन मिनीबस थांबल्या. लोकांचे रिकामे हंडे, ड्रम अजून तिथंच, म्हणून पाहुणे ते बघत बघत चालतच आले. पुढं नवरदेवाचे वडील श्रीनिवासराव, घामानं निथळत. आई छोट्या कपांचा ट्रे घेऊन उभी.

श्रीनिवासराव टेकले, आणि म्हणाले, "चिन्मयराव, तुमच्याकडं लई फास्ट नेट आहे म्हणे? पासवर्ड सांगा बरं आधी!"

मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! पासवर्ड खणखणीत आवाजात सांगितला. चाळीस माना खाली गेल्या! म्हाताऱ्या, पोरं, आत्या, सगळे मोबाइलमध्ये. ट्रे फिरला तर "नको नको, आत्ताच झालं." अंगठ्या घालताना तेवढ्या माना वर आल्या, टाळ्या झाल्या, परत खाली. चाचींनी आणलेलं सरबत म्हाताऱ्यांना घोटभर पुरलं. जेवणाचे डबे बाहेरून आले होते. बारीक धारेखाली हात धुऊन, ढेकर देऊन सगळे उठले. अर्धा हंडा उरला नाही, पण कमीही पडला नाही!

जाताना श्रीनिवासरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय स्पीड आहे हो! आमच्या पिशोरला असलं कुठं?"

मी फुगून टम्म! आत येऊन आईला म्हणालो, "बघितलंस? शेवटी कामाला आलं की नाही?"

मग गाणी लावावीत म्हणून मोबाइल काढला. गाणं काही सुरू होईना. केबलवाल्याला फोन लावला.

"साहेब, तुमची लाइन सकाळी अकरालाच तुटलीय. मागच्या गल्लीत टँकर वळताना अडकली. उद्या जोडतो."

मी आईकडं बघितलं. "आई, पाहुणे तर एक वाजता आले. मग ते दोन तास मोबाइलमध्ये बघत काय होते?"

आई कप गोळा करत होती. बरेचसे भरलेलेच होते. ते एकेक करून तिनं परत हंड्यात ओतले.

"आपल्याकडं बघत नव्हते," ती म्हणाली. "एवढं कळलं तरी पुरे तुला."

मी राउटरसमोर जाऊन बसलो. लाल दिवा मात्र एकदम फास्ट लुकलुकत होता.