तिसऱ्यांदा केलेला आग्रह

"अहो, लग्नाच्या वेळी मला एवढं निरखून पाहिलं होतंत का?" ह्येरानने खुर्च्यांच्या दुकानात सगळ्यांदेखत विचारलं.

तिचा नवरा, ह्वांग दोकसू, एकेका खुर्चीत बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. पाय जमिनीला नीट टेकतात का, कमरेच्या बाकाला आधार मिळतो का, कोपर खुर्चीच्या हातांवर विसावतं का, सगळं पाहत होता. हौस म्हणून नव्हे, त्याची कंबरच धरली होती. महिनाअखेरीस मुलीच्या, बोमीच्या, शाळेत खेळांचा दिवस होता आणि बापांनी मुलांना पाठुंगळी घेऊन धावायचं होतं. गेल्या वर्षी ह्वांगने अर्ध्या मैदानातच बसकण मारली होती. बोमी तेव्हा काही बोलली नव्हती, आणि तेच त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. यंदा ऑफिसातली मोडकी खुर्ची बदलायची आणि रोज सहाला सुटून नदीकाठी तिच्याबरोबर सराव करायचा, असं त्याने ठरवलं होतं.

शेवटी मनासारखी खुर्ची मिळाली. सोमवारी ती देगू शहरातल्या त्याच्या कंपनीत, किमचीचं लोणचं ठेवायचे डबे बनवणाऱ्या, पोचली आणि शेजारच्या टेबलावरच्या यांगचा चेहरा पडला.

"वेडा झालास का रे? ही तर प्यो साहेबांच्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच आहे!"

ह्वांगने घाईघाईने मान टेकायची उशी काढून खणात कोंबली. मग खुर्ची जाईल तितकी खाली केली. आता गुडघे छातीशी येत होते आणि कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखत होती, पण साहेबांचा मान राहिला होता.

एवढं करूनही साहेबांनी पाहिलंच. "काय ह्वांग, नवी खुर्ची?"

ह्वांग ताडकन उठला. "साहेब, बसून तर बघा!"

साहेब बसले. डोळे मिटले. मागे रेलून पाय लांब सोडले.

"तुम्हालाच शोभते, साहेब. तुम्हीच घ्या," ह्वांग म्हणाला. असं म्हणायची रीतच होती.

"छे, छे! तुझी आहे."

"नाही साहेब, घ्याच."

"अरे, नको म्हटलं ना."

इथे थांबायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोनदा आग्रह हा शिष्टाचार, तिसरा मात्र खरा. पण सगळं ऑफिस बघत होतं आणि ह्वांगची जीभ सैल सुटली होती.

"साहेब, माझ्यासाठी तरी घ्या!"

"आता तू एवढं म्हणतोसच, तर..."

खुर्ची साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि ह्वांग पुन्हा मोडक्या खुर्चीत. इथवर फक्त त्याचं एकट्याचं वाटोळं झालं होतं. पण जुन्या खुर्चीत माकडहाड दुखायचं म्हणून सहाच्या ठोक्याला उठणारे साहेब आता हलेनात. साडेसात वाजले, आठ वाजले. साहेब उठल्याशिवाय कोण उठणार? यांगने दाराच्या फटीतून डोकावून पाहिलं.

"झोपलेत."

"मग उठव ना!"

"तू उठव. खुर्ची तुझी."

रोज हेच होऊ लागलं. सगळं ऑफिस ह्वांगकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायचं. घरी पोचेस्तोवर बोमी सरावाचे बूट घालूनच सोफ्यावर झोपलेली असायची. तिच्या बुटांच्या नाड्या सोडताना ह्वांगला स्वतःच्या जिभेचा मनापासून राग यायचा.

शर्यतीच्या दिवशी त्याने बोमीला पाठीवर घेतलं आणि दहा पावलांत कंबर लचकली. बोमी अलगद खाली उतरली आणि बापाचा हात धरून चालत चालत रेषेपर्यंत गेली. सर्वांत शेवटी.

"बाबा, पुढच्या वर्षी मी जड होईन हं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्यो साहेब त्याच्या टेबलाशी आले. "कंबर लचकली म्हणे? अरे, खुर्चीत काटकसर करू नये. माझी बघ! फक्त मान टेकायला काहीतरी हवं होतं."

त्यांची नजर ह्वांगच्या कमरेमागच्या उशीवर स्थिरावली. खणातून काढलेला तेवढाच एक आधार त्याला उरला होता.

"घ्या ना साहेब," ह्वांगच्या तोंडून निघून गेलं.

"छे, छे! तुझी कंबर दुखतेय."

"तरी घ्या, साहेब."

"अरे, नको म्हटलं ना."

ह्वांगने ओठ घट्ट मिटून घेतले. सगळं ऑफिस श्वास रोखून बघत होतं. साहेब मात्र जागचे हलले नाहीत.