पाऊण टँकर

माणूस अपुरा असतो, असं साधुसंत सांगून गेले. टँकर मात्र पुरा असतो, असं टंचाई मापन कक्ष सांगतो. दोघांत कक्षाचं जास्त खरं, कारण त्याच्याकडं शिक्का हाय. (कक्ष कुठं ते इचारू नका, मला तिथं परत जायचंय.)

आमची करवंदवाडी शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला. होळी झाली का विहीर आटते. मग टँकर आला तर पाणी, नाय तर रंभाकाकू नि बाकीच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दोन टेकड्या पार.

वाडीत माणसं तीनशे पंचाहत्तर. (पोटातलं धरत नाय, ते पीत नाय असं गृहीत हाय.) माणशी वीस लिटर, म्हंजे साडेसात हजार. टँकर धा हजाराचा. म्हंजे आमची गरज पाऊण टँकर. आणि नियम असा, का अपूर्णांकाला टँकर देय नाय.

"मग पाऊणच भरून धाडा," मी म्हटलं.

"पाऊण भरलेला डचमळतो," कक्षातले शेखरसाहेब म्हणाले. "डचमळण्याची तरतूद नाही."

फार सज्जन माणूस. त्यांनीच मार्ग सांगितला: एप्रिलपर्यंत सव्वाशे माणसं वाढवा. आमी प्रयत्न करतो म्हटलं, पण मुदत फार थोडी.

मग रंभाकाकूनं शेजारची चिंचवाडी जोडून आणली. तिचीबी गरज पाऊणच. साहेबांनी पाऊण म्हंजे तीन छेद चार, अशी बेरीज मांडली. वरचा आकडा वरच्यात, खालचा खालच्यात. तीन नि तीन सहा, चार नि चार आठ. (वरच्यानं वरच्यात बसावं, खालच्यानं खालच्यात, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाय.) आठांत सहा. छाटलं. पाऊण.

तिसरी वाडी आणली. बारांत नऊ. छाटलं, पाऊण. अशा तेवीस वाड्या जोडल्या. ब्याण्णवांत एकोणसत्तर. छाटलं, पाऊण.

साहेब हळहळले. "एवढी एकी करूनही तुमची तहान जराही वाढत नाही. कौतुक वाटतं."

काकूचं डोकं तापलं. "रे साहेबा, पाऊण पायली तांदूळ दोनदा मापला का दीड पायली भरतो. तुज्या कागदात सांडतो कुठं?"

साहेबांनी शांतपणे अर्जावर शेरा मारला.

"काय लिवलंन रे?" काकूनं मला इचारलं.

"'अर्जदार दीडशहाणी.'"

"दीड लिवलंन ना? मग साहेबा, दे दीड. सही तुजीच हाय."

सहीपुढं साहेबांचाबी इलाज चालंना. दीड म्हंजे दोनच वाड्यांची बेरीज, म्हणून आमची नि चिंचवाडी मिळून दीड टँकर मंजूर झाला; बाकीच्या एकवीस परत रांगेत. त्यातला अर्धा अपूर्णांक म्हणून रद्द. राहिला एक, तो दोन वाड्यांत भागायचा. भागाकाराची रीत साहेबांनी आदेशातच छापली: 'भागताना उलटा करून घ्यावा.'

ड्रायव्हर शाम, आदेशाबाहेर पाऊल न टाकणारा. चिंचवाडीच्या वळणावर त्यानं टँकर उलटा केला. स्वतः कपडे झाडत बाहेर आला आणि सहीला कागद पुढं केला. पाणी उतारानं गेलं. काकूनं धावत जाऊन एक हंडा भरला, तोबी गढूळ. कक्षात नोंद झाली: 'वाटप पूर्ण.'

तुमी हसलात. म्हंजे बेरीज कुठं चुकली ते तुमाला कळलं. हुशार माणसं तुमी. तुमच्या शहराचा मोठा पाइप आमच्या वाडीला घासूनच जातो. त्याला कुणी माणशी किती ते इचारत नाय. आता वाचून झालंच हाय, तर जरा उठा आणि नळ बंद करा. मघापास्नं चालूच हाय.