सिंधू मिरचीवरची बाई

उत्तमअप्पा किराणा दुकानात शिरले की आधी काही मागत नाहीत. मसाल्यांच्या फळीपाशी जातात, तिथला मिशीवाल्या पहिलवानाच्या चित्राचा हळदीचा पुडा उचलतात आणि लांब साबणांमध्ये नेऊन ठेवतात. कारण त्याच्या शेजारच्या पाकिटावर त्यांची बायको असते.

अप्पांची 'सिंधू मिरची' आमच्या शहाद्यात घरोघर चालते. नाव सिंधूकाकूंचं, चित्रही त्यांचंच: डोक्यावर पदर, चेहरा गंभीर. नाव आणि चित्र दोन्ही अप्पांनी सरकारदरबारी रीतसर नोंदवून घेतलंय. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, पण अप्पांचा पहारा काही उठलेला नाही. मी त्यांचा शेजारी. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून त्यांचे कागद वाचायचं काम माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात अप्पा सकाळीच एक पाकीट घेऊन आले. 'सिंधुताई मिरची', खाली कोरीटच्या गिरणीचा पत्ता, आणि चित्रात काकूच. पण या काकू दात दिसेपर्यंत हसत होत्या. धंदा बुडेल, नाव खराब होईल, यातलं अप्पा काहीच बोलले नाहीत. चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"हाई कोनाकडे पाहीसन हासी ऱ्हायनी?"

वकिलांनी सांगितलं, पुरावा म्हणून एखाद-दुसरं पाकीट बिलासकट विकत आणा. अप्पांनी दुकानातली होती तेवढी सगळी उचलली. परक्याच्या नावाखाली ती फळीवर बसलेली त्यांना बघवत नव्हती. नोटिशीत 'विनापरवानगी बोधचिन्हाचा वापर' असं होतं. त्याजागी 'माझ्या पत्नीला परस्पर नेले' असं घाला, म्हणून ते अडून बसले. वकिलांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

नोटीस मिळताच गिरणीवाला धावत आला. साधा माणूस. नाव बदलतो, छापलेली पाकिटं आणून देतो, म्हणाला. चित्र त्याला नंदुरबारच्या छापखान्यात मिळालं होतं. ही खरीखुरी कोणी बाई आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

अप्पांनी त्याला पाणी दिलं, पण त्यांचं डोकं आता छापखान्यात अडकलं. काकूंचा फोटो तिथल्याच मालकानं काढला होता. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते नंदुरबारला निघाले.

मालक आता म्हातारा झालाय. जुन्या फोटोंतून कामगारानं चुकून उचललं, असं सांगून त्यानं हात जोडले. अप्पांना माफीशी देणंघेणं नव्हतं. फोटो काढताना तू असं काय बोललास की ती एवढी हसली, हे त्यांना हवं होतं.

म्हातारा म्हणाला,

"मी काय बोलसू, अप्पा? तुम्ही मन्हा मांगे उभा व्हतात. तोंड गंभीर कसं ठेवानं, हाई तिले करी दखाडत व्हतात. तुमनं तोंड पाहीसन हासनी ती."

अप्पा तिथल्याच स्टुलावर बसले.

कोरीटची पाकिटं घरी आली. नष्ट करा, असं वकील म्हणाले होते. अप्पांना ते जमेना. शेवटी मीच परसात जाळली, तोवर ते आत दार लावून बसले. एक मात्र त्यांनी ठेवून घेतलं होतं. धुऊन, पुसून आता ते त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे.

फोटो इतका छान आहे, की आपल्या पाकिटावर आता हाच घेऊ या, असं मी परवा सुचवलं. अप्पांनी हळूच मान हलवली.

"नही. ती लोकेसनी शे," नेहमीच्या पाकिटावरच्या गंभीर काकूंकडे बोट करून ते म्हणाले. "हाई मन्ही."