हिराजिजींची भिंत

हिराजिजी कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला गाल लावायच्या. पाणी विचारा, पाट मांडा, त्या ऐकायच्या नाहीत. वाकून, डोळे मिटून, लेकराचा ताप बघावा तसा गाल टेकायचा आणि निकाल द्यायचा, "भीत पानी पी ऱ्हायनी." मग बसायच्या.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. कोरीटच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हापासून चौदा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहिलो. त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे.

आमच्याकडची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. भिंती मातीविटांच्या. ओल जमिनीतून भिंतीत चढते, पांढरा खार मागे ठेवते आणि गिलावा पिठासारखा गळू लागतो. सगळं गाव धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, गळतीची काळजी करी. जिजी म्हणत, "वरना पानीले देव देखी, खालना पानीले मी देखसू." आणि खरंच देखत. कुणाची मोरी भिंतीला टेकलेली दिसली की पदर खोचून तिथंच भांडण. कुणाची सून कोपऱ्यात हंडा रिकामा करू लागली की, "ए माय, भीतना पाय कसाले बुडावस?"

एकदा पुतणीसाठी स्थळ पाहायला ब्राह्मणपुरीला गेल्या. मुलगा उभा, मुलाचा बाप उभा, आणि जिजी भिंतीशी.

"पोऱ्या चांगला शे," त्या म्हणाल्या, "पन घर वलं शे."

मुलाचा बाप चिडला. "जिजी, सोयरीक पोऱ्यासंगे करनी शे का भीतसंगे?"

"पोऱ्या दिनभर वावरमा ऱ्हाई. भीतसंगे आमनीच पोरले ऱ्हानं शे!"

लग्न जमलं, पण आधी मोरी हलवायची या अटीवर. व्याह्यानं मुकाट्यानं हलवली.

त्यांच्या स्वतःच्या घरातली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. मधल्या खोलीच्या भिंतीवर कुंकवाचे दोन थापे होते. वेणू, त्यांची एकुलती मुलगी, बाराव्या वर्षी सासरी निघताना दोन्ही तळहात तिथं उमटवून गेली होती. वर्षभरात ती तिकडेच पटकीनं गेली. आमच्याकडे तेव्हा कुणाचा फोटो नसे. उरले ते थापे, आणि जमिनीतून चढलेली ओल त्यांच्या हातभर खाली थांबलेली.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी येऊन झोक्यावर गात असत, तेव्हा जिजी कोळशानं ओलीची रेघ ओढत. "भर उन्हाळामा वली, तीच खरी वल." बाहेरून त्यांनी स्वतः चर खणून मुरूम भरला होता. ओल तिथूनच सुकून जावी म्हणून भिंतीचा पायथा गिलावा न करता उघडा ठेवला होता. चार वर्षांच्या रेघा एकाच जागी पडल्या होत्या; ओल वर सरकली नव्हती.

त्यातलं शहाणपण मला दिसलं नाही. मी एका पुस्तकात सिमेंटविषयी वाचलं होतं. मांडीइतक्या उंचीपर्यंत आतून-बाहेरून सिमेंट लावा, मी म्हणालो, ओल बंद.

"मंग पानी कोठे जाई?" जिजींनी विचारलं.

"कुठे जाणार? जागच्या जागी राहील."

"तुमी वाचेल मानूस शेतस," त्या म्हणाल्या, आणि नंदुरबारहून सिमेंटच्या गोण्या आणवल्या.

पहिली आखाजी कोरडी गेली. जिजींनी अर्धं गाव बोलावून भिंतीला गाल लावायला लावला. "मन्हा मास्तरनी करं," सांगत. मला संकोच वाटे, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही होई.

पुढच्या आखाजीला हाक आली नाही. मीच गेलो. सिमेंट ठणठणीत होतं. कोंडलेलं पाणी त्याच्या मागून वर चढलं होतं आणि सिमेंट संपतं तिथून, बरोबर थाप्यांमधून, बाहेर पडलं होतं. गिलाव्याचे पापुद्रे सुटले होते. जिजी खाली बसून ते सुपात गोळा करत होत्या. पांढरी भुकटी, मध्येच कुठे तांबूस.

एका मोरीवरून गाव डोक्यावर घेणारी बाई. मी बोलणी खायला उभा राहिलो. त्या पापुद्रे वेचत राहिल्या.

"जिजी, चूक माझी..."

"बसा, मास्तर."

बसलो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुमी रोज देखेत. केवढा व्हतात तिना हात?"

वेणूला मी कधी पाहिलं नव्हतं. ओळखत होतो ते तेवढे दोन हात. मी माझा पंजा पुढे केला आणि मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर खूण केली. "इथवर."

जिजींनी माझं बोट धरून खूण एक पेर खाली सरकवली.

"अठे," त्या म्हणाल्या. "आखो धाकला व्हतात. आते तुमी बी ध्यानमा ठेवा."