चेंबरला कावळा शिवेना

आमच्या गाडीचं ऑइल चेंबर वारलं आणि दहाव्याला त्याच्या पिंडाला कावळा शिवेना.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात. गाडी आबांची, जुनी, शर्यतीची. आबा गेल्यावर त्यांचं म्हणून घरात एवढंच सुरू होतं. माझ्या धाकट्या भावाने, इंद्रजितने, ती गतिरोधकावरून उडवली. मुलखाचा आडदांड. चेंबर फुटलं, गॅरेजात नेलं आणि संध्याकाळी गेलं. ते जायच्या आधी त्याच्या उशाशी उभी राहूनच मी भावाला सांगितलं, आता या गाडीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन.

नियम सगळ्यांना ठाऊक आहे. कावळा शिवला की इंजिन नवं चेंबर लावून घेतं. दर्भाचा कावळा करून भागवावं लागलं, तर ते जन्मभर कुठलंच चेंबर धरत नाही. मग गाडी भंगारात.

पंचगंगेच्या घाटावर पिंड मांडला. कावळा समोरच्या दगडावर पंख साफ करत बसला.

"मयताची काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "नवं चेंबर कसलं आणणार, ते तरी सांगा."

इंद्रजित पुढे झाला. "अ‍ॅल्युमिनियमचं आणतो. खोल, चकचकीत. तेल जास्त मावतं, थंड राहतं."

कावळ्याने पाठ फिरवली.

"आणि ठोकर लागली की तडकतं," दस्तगीर मेस्त्री म्हणाले. आबांच्या काळापासून गाडी त्यांच्याच हाताखाली.

माझं डोकं सणकलं. "खोल म्हणजे आणखी खाली लोंबणार, गाढवा. एकाला खाल्लंस, आता दुसऱ्यालाही खायचंय?" मग मी कावळ्याकडे वळले. "जाड पत्र्याचं आणू. पोचा येईल, पण फुटणार नाही. उथळ, बाजूंनी रुंद, म्हणजे तेल तेवढंच मावेल. आत आडव्या पट्ट्या असतील, वळणावर तेल एकीकडे पळणार नाही."

कावळा उड्या मारत थोडा पुढे आला आणि थांबला. गुरुजींनी उन्हाकडे पाहून दर्भ हातात घेतला.

"किल्ली टाक," मी भावाला म्हणाले.

"आक्का, आबांनी गाडी मला..."

"आबांचं नाव काढू नकोस. किल्ली."

त्याने किल्ली माझ्या हातावर आपटली. "घे. चालव तूच. मी हात लावत नाही."

कावळा पिंडापाशी आला, वाकला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आक्का," मेस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "याला गाडीत पाऊल टाकू देणार नाही म्हणालीस, ते चेंबरनं ऐकलंय. तेव्हा जीव होता त्याच्यात."

मला असा संताप आला म्हणता. फोडायचं याने आणि नमतं घ्यायचं मी? पण गुरुजी दर्भाला गाठ मारायला लागले होते.

"बरं," मी दात खाऊन म्हणाले. "बसू देईन. शेजारी."

कावळा शिवला.

पत्र्याचं चेंबर इंजिनाने मुकाट लावून घेतलं. आता गाडी मी चालवते, इंद्रजित शेजारी बसतो. गतिरोधक आला की मी गाडी थांबवून त्याला उतरवते. वजन कमी झालं की चेंबर घासत नाही. तो चालत पलीकडे येतो आणि पुन्हा बसतो. परवा रंकाळ्यापर्यंत गेलो, तर तो निम्मा रस्ता पायीच आला.

दिलेला शब्द मी मोडलेला नाही.